केस उपटण्याचे माप

मानसिक आजार मोजणारी प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणायची, दुसऱ्या कुणाकडून ती पुन्हा इंग्रजीत करून घ्यायची, दोन्ही मजकूर ताडायचे, शंभर-दोनशे जणांकडून ती भरून घ्यायची आणि संगणकाने बरा गुणांक दिला की ‘प्रमाणित’ असा शिक्का मारायचा, ही रीत विद्यापीठांपासून दवाखान्यांपर्यंत रुळली आहे. रीत वाईट नाही, पण तिच्यामागचा समज उथळ आहे. एकदा प्रमाणित झालेली प्रश्नावली कुणाच्याही हाती दिली तरी तेच मोजते, असे तो समज धरून चालतो. प्रत्यक्षात सप्रमाणता कागदाला चिकटलेली नसते. ठरावीक माणसांच्या गुणांवरून जो ठरावीक निष्कर्ष काढला, त्याला पुरावा किती, यावर ती ठरते. सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ मध्ये हे सविस्तर मांडले, आणि अमेरिकेतल्या चाचणीशास्त्राच्या मानकांनीही पुढे हीच भूमिका घेतली. माणसे बदलली किंवा निष्कर्ष बदलला की पुरावा नव्याने मागावा लागतो.

प्रौढांमधली केस उपटण्याची अनिवार ओढ मोजणाऱ्या प्रश्नावल्या या म्हणण्याची चांगली परीक्षा घेतात. हा आजार लपवला जातो, कधी भान ठेवून तर कधी नकळत घडतो, आणि त्याचा संबंध केसांशी आहे. सांगली-सातारा पट्ट्यात केस ही कधीच निव्वळ एका माणसाची खासगी बाब नव्हती.

दिसूनही न ओळखला जाणारा आजार

फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ मध्ये या आजाराला ‘ट्रायकोटिलोमॅनिया’ हे नाव दिले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत यायला त्याला १९८७ साल उजाडले. तेव्हाच्या व्याख्येत उपटण्याआधी ताण आणि उपटल्यावर सुटकेची किंवा सुखाची भावना असणे आवश्यक मानले होते. पण अनेक रुग्णांना यातले काही जाणवतच नव्हते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती अट गेली आणि आजार मंत्रचळाच्या कुटुंबात गणला गेला. आता निकष असे आहेत: वारंवार उपटल्यामुळे केस विरळ होणे, थांबवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे, आणि त्यापायी मनस्ताप होणे किंवा कामकाजात अडथळा येणे. म्हणजे ज्या निदानाशी प्रश्नावली ताडून पाहायची, ते निदानच एका पिढीत सरकले आहे.

इकडे डोक्यावर चट्टा दिसला की घरच्यांचे निदान तयार असते: चाई. मग घरगुती लेप, मग त्वचारोगाची ओपीडी. चाईचा चट्टा सहसा गुळगुळीत असतो आणि त्याच्या कडेला मुळाशी निमुळते झालेले आखूड केस दिसतात. उपटलेल्या जागेची कड वेडीवाकडी असते. आत केस असतात, पण एकेकाची लांबी वेगळी. काही मध्येच तुटलेले, काहींना पीळ पडलेला. भिंगातून पाहणाऱ्या डॉक्टरांना फरक कळतो. पण ‘तुम्ही स्वतः उपटता का?’ हा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारला, तर उत्तर ‘नाही’ येणार.

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावोगाव माणसांचे केस गळू लागले तेव्हा प्रशासन धावले, पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचे पथक आले. ते योग्यच झाले. गळणाऱ्या केसांची तक्रार चारचौघांत करता येते. स्वतःच्या हाताने उपटलेल्या केसांची नाही. म्हणून या आजारात कागदावरच्या प्रश्नाला इतर आजारांपेक्षा जास्त वजन आहे: तोंडाने न सांगितलेले तिथे लिहिले जाऊ शकते.

दोन पट्ट्या

सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची. नॅन्सी क्यूथेन आणि सहकाऱ्यांनी ती १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न सात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २८. गेल्या आठवड्यात उपटण्याची ओढ किती वेळा आली, किती जोरात आली, ती आवरता आली का. प्रत्यक्ष उपटले किती वेळा, थांबण्याचा प्रयत्न किती केला, तो किती साधला. आणि या सगळ्यामुळे मनस्ताप किती झाला. पहिली तपासणी ११९ रुग्णांवर झाली.

दुसरी, मिल्वॉकी इन्व्हेंटरी, २००८ ची. ती तीव्रता मोजत नाही, उपटण्याची तऱ्हा मोजते. पंधरा विधाने, आणि प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते ते ० ते ९ मध्ये सांगायचे. दहा विधाने हेतुपूर्वक उपटण्याबद्दल: एखादी नकोशी भावना शमवण्यासाठी, जाणूनबुजून. पाच विधाने नकळत उपटण्याबद्दल: वाचताना, टीव्ही बघताना हात डोक्याकडे जातो आणि केस बोटांत आल्यावरच कळते.

ही विभागणी उपचाराच्या कामाची आहे. नकळत उपटणाऱ्याला हाताची जाणीव करून देणारे सवय-पालटाचे प्रशिक्षण उपयोगी पडते. अझ्रिन आणि नन यांनी ते १९७३ मध्ये मांडले. भावना शमवण्यासाठी उपटणाऱ्याला त्या भावनेशी वागण्याचे वेगळे शिक्षणही लागते. विभागणी चुकली तर उपचाराचा रोख चुकतो.

१. एकमेकांशी जुळणारे प्रश्न म्हणजे खरे माप नव्हे

प्रबंधांत सर्वांत आधी झळकतो तो क्रॉनबाखचा अल्फा. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा गुणांक प्रश्नावलीतली उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. ती कशाबद्दल जुळतात, हे तो सांगत नाही. एकच प्रश्न पाच वेगळ्या वाक्यांत विचारला तरी अल्फा वर जातो. बोस्टनच्या सात प्रश्नांत तीन ओढीबद्दल आणि तीन प्रत्यक्ष उपटण्याबद्दल आहेत, त्यामुळे ते जुळणारच. तरी २००७ मध्ये त्याच प्रश्नावलीचे पुन्हा विश्लेषण झाले तेव्हा आत दोन पदर निघाले: एक तीव्रतेचा, दुसरा विरोध आणि नियंत्रणाचा. दोन माणसांचे गुण सारखे १४ आले तरी एकाची ओढ प्रचंड आणि आवरण्याची ताकदही मोठी असू शकते. दुसऱ्याची ओढ बेताची, पण त्याने आवरण्याचा प्रयत्नच केलेला नसतो.

आता हा ‘प्रयत्न’ पलूस किंवा जतच्या बाईच्या बाजूने पाहू. आपण करतो तो आजार आहे, तो थांबवता येतो आणि त्यावर उपचार असतो, हे ज्याला कधी कुणी सांगितलेच नाही, तो थांबण्याचा प्रयत्न करणार कशासाठी? पट्टीच्या हिशेबात तो प्रयत्न न करणारा, म्हणून जास्त गुणांचा, म्हणजे जास्त आजारी. इथे गुणांत आजाराबरोबर माहितीचा अभावही मोजला गेला. अल्फाला त्याचा पत्ता लागत नाही.

२. नमुना बदलला की रचना बदलते

इथे बोस्टन-सांगली अंतराचा प्रश्नही येत नाही. अमेरिकेतच काय झाले ते पाहावे. मिल्वॉकी इन्व्हेंटरीची दोन गटांची रचना १६९७ जणांच्या उत्तरांवर उभी होती. हे सगळे इंटरनेटवरून आलेले, आपण केस उपटतो असे स्वतःच सांगणारे लोक. २०१५ मध्ये क्यूथेन आणि सहकाऱ्यांनी तीच विधाने १९३ जणांना दिली, पण हे लोक तज्ज्ञांनी प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निदान केलेले होते. जुनी रचना टिकली नाही. ‘हेतुपूर्वक’ आणि ‘नकळत’ यांच्या जागी ‘हेतू’ आणि ‘भावना’ असे दोन गट निघाले. देश तोच, भाषा तीच, विधानेही तीच. बदलली ती माणसे कुठून आणली एवढीच गोष्ट.

ही बाब हलक्यात घेण्यासारखी नाही. सात वर्षे चिकित्सक ज्या दोन रकान्यांत रुग्णांना बसवत होते, ते रकाने आजाराचे होते की इंटरनेटवर फॉर्म भरणाऱ्या गटाचे, असा प्रश्न या निकालाने उभा केला. असे असताना मराठी आवृत्तीने मूळ रचना आहे तशी मान्य करून तिचीच बेरीज करत राहणे हा शास्त्राचा देखावा ठरेल.

स्त्री-पुरुषांचेही तेच. दवाखान्यांतल्या नमुन्यांत स्त्रिया बहुसंख्य असतात. पण ग्रँट आणि चेंबरलेन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १०,१६९ अमेरिकन प्रौढांच्या पाहणीत हा आजार १.७ टक्के लोकांत आढळला आणि स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे पुरुषांना आजार आहे, ते दवाखान्यात येत नाहीत. दाढी-मिशीचे केस उपटणाऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि डोके बारीक कापून घेतले की चट्टा झाकतो. ओपीडीतल्या बायकांवर तपासलेली पट्टी त्यांना लावायची तर आधी त्यांच्यावर तपासावी लागेल.

३. ज्याचे भान नाही ते कसे सांगणार

नकळत उपटण्याबद्दलचे विधान माणसाकडे एक अवघड मागणी करते: ज्या वेळी तुझे लक्ष नव्हते, त्या वेळी काय झाले ते सांग. उत्तर देणारा आठवत नाही, अनुमान करतो. पुस्तकात पडलेले केस, उशीवरचा पुंजका, ‘परत हात गेला बघ’ हे आईचे वाक्य, यांवरून तो आकडा टाकतो. ज्याच्या घरात असे टोकणारे कुणी आहे, त्याला आपले नकळत उपटणे जास्त माहीत असते. खोलीवर एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते कमी माहीत असते. दोघांच्या आकड्यांतला फरक आजाराचा असेल किंवा साक्षीदाराचा.

यावर इलाज आहे. मोठ्या पाहणीआधी थोड्या माणसांना एकेकट्याने बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा आणि विचारायचे: तुम्हाला यातून काय कळले? हा आकडा का निवडला? दुसरा का नाही? या बोलण्यातूनच कळते की ‘गेल्या आठवड्यात’ म्हटल्यावर माणूस सात दिवस मोजतो की ‘हल्ली’ एवढाच अर्थ घेतो. तासगावच्या शेतमजूर बाईला ‘मागच्या बाजारापासून’ म्हटले तर कालावधी पक्का होतो, कारण आठवडा तिथे बाजाराच्या दिवसाने मोजला जातो. ० ते ९ च्या दहा पायऱ्यांतल्या ३ आणि ४ मध्ये तिला फरक वाटतो का, हेही इथेच उमगते. वाटत नसेल तर दहा पायऱ्यांचा बारीकपणा फक्त कागदावर राहतो. या मुलाखतींना वेळ लागतो आणि त्यांतून छापण्याजोगा गुणांक निघत नाही, म्हणून त्या गाळल्या जातात. खरे तर पाया त्याच आहेत.

४. या मुलखातला केस

सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे गाव आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे एक प्रमुख केंद्र. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे बायकांना समजावून त्यांच्या डोक्यावरची जट कापत आले आहेत. गुंतलेल्या केसांत सौंदत्तीच्या यल्लमाचे बोलावणे पाहणाऱ्या घरात बाई स्वतःच्या केसांना कंगवाही लावू शकत नाही. कात्री तर दूरच. त्याच मुलखात लेकराचे जावळ काढले जाते, नवस फेडायला केस वाहिले जातात, घरात मृत्यू झाला की पुरुष मुंडण करतात. विधवेचे केशवपन संपले, पण त्याची आठवण बोलण्यातून गेलेली नाही.

अशा ठिकाणी केसांबद्दलचा कोणताही प्रश्न रिकाम्या जागी पडत नाही. ‘केस उपटण्यामुळे किती मनस्ताप होतो?’ याला लग्नाची मुलगी मोठा आकडा देईल, कारण तिला दाखवायला न्यायचे आहे. चाळिशीतली, कायम डोक्यावर पदर असलेली बाई लहान आकडा देईल, कारण चट्टा कुणाला दिसत नाही. दोघींच्या डोक्यावरची जागा सारखीच असू शकते. मनस्ताप खरा आहे आणि तो मोजलाही पाहिजे, पण त्यावरून आजाराची तीव्रता वाचली तर पदराखालची बाई ‘सौम्य’ गटात जाते आणि तिची पुढची तारीख लांबते. संख्याशास्त्रात यासाठी तपासणी आहे: आजाराची एकूण पातळी सारखी असलेल्या दोन गटांत एखाद्या प्रश्नाचे उत्तर कायम वेगळे पडते का, ते पाहायचे. मराठी आवृत्तीत ही तपासणी वय, लग्न आणि घरची भाषा या तिन्हींवर झाली पाहिजे. घरची भाषा यासाठी, की मिरजेच्या दवाखान्यांत अथणी-विजापूरकडचे रुग्ण रोज येतात. त्यांना मराठी कळते, पण दुखणे ते कानडीत सांगतात.

सीमाभागातला जुना दाखला

हा विचार आपल्याकडे परका नाही. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई-कर्नाटक भागातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने बुद्धिमत्ता चाचणी नव्याने बसवली आणि १९३४ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात ते काम प्रसिद्ध केले. त्यांनी प्रश्नांची भाषा बदलली, आणि कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो हेही इथल्या मुलांवर पडताळले. पुढची गोष्ट मात्र क्लेशकारक आहे. बिने-कामत चाचणी देशभर पसरली आणि अनेक दशके त्याच जुन्या मानकांवर वापरली गेली. कामतांनी दाखवलेली काळजी मागे पडली, शिक्का तेवढा चालत राहिला.

दुसरा दाखला गोव्याचा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ५९८ रुग्णांवर नैराश्य-चिंता हेरणाऱ्या पाच प्रश्नावल्या एकाच मुलाखतीशी ताडून पाहिल्या; निष्कर्ष २००८ मध्ये आले. प्रश्नावल्या चांगल्या ठरल्या. तरी योग्य मर्यादा (किती गुणांपुढे ‘आजारी’ म्हणायचे तो आकडा) लावूनही त्यांनी ‘आजारी’ म्हटलेल्यांपैकी खरोखर आजारी ५१ ते ७७ टक्केच होते. डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या १९९७ च्या अहवालातही, बेंगळुरूसह जगातल्या १५ केंद्रांवर एकच प्रश्नावली वापरून प्रत्येक ठिकाणी तीच मर्यादा चालली नव्हती.

५. मर्यादेचा आकडा जागा पाहून ठरतो

समजा एक उत्तम प्रश्नावली आहे: आजारी शंभरांतले ९० पकडते आणि निरोगी शंभरांतल्या ९० जणांना बरोबर सोडते. गावात १००० जणांना ती दिली आणि आजार दोन टक्के धरला, तर २० आजाऱ्यांपैकी १८ सापडतील. पण ९८० निरोगी लोकांपैकी ९८ जणांवरही बोट ठेवले जाईल. बोट ठेवलेल्या ११६ जणांत खरे आजारी १८, म्हणजे सहांतले पाच विनाकारण धास्तावणार. हीच प्रश्नावली चट्टे घेऊन आलेल्या १००० रुग्णांना दिली आणि त्यांत पाचांत एक खरा उपटणारा असेल, तर १८० खरे आणि ८० खोटे. दहांतले सात बरोबर.

उसाच्या गाडीचा काटा एकदा तपासला की वाळव्यात आणि अथणीत एक टन तेवढाच भरतो. प्रश्नावलीचा आकडा तसा नाही. म्हणूनच अमेरिकेतले १.७ टक्के घेऊन सांगली जिल्ह्याच्या २८ लाख लोकसंख्येला गुणायचा मोह टाळला पाहिजे. तो गुणाकार म्हणजे या लेखात ज्याला हरकत घेतली तीच चूक.

येणारे आक्षेप

पहिला आक्षेप असा: नैराश्य आणि आत्महत्या समोर असताना एवढ्या दुर्मीळ सवयीवर पैसा का घालवायचा? यातला ‘दुर्मीळ’ हा शब्द आधी सिद्ध व्हायला हवा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाची २०१५-१६ ची पहिली फेरी १२ राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. शिवाय हा आजार फक्त रूपाचा नाही. काही रुग्ण उपटलेले केस गिळतात. केस पचत नाहीत, जठरात त्यांचा गोळा होतो आणि तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

दुसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा: चट्टा बघून कळते, कागद कशाला? निदानापुरते हे खरे आहे. उपचाराने फरक पडला का, हे मात्र नजरेने कळत नाही, कारण केस सावकाश वाढतात आणि उपटणे त्याच्या कितीतरी आधी कमी-जास्त होते. ग्रँट, ओडलॉग आणि किम यांच्या २००९ च्या चाचणीत ५० प्रौढांना बारा आठवडे एन-अॅसिटिलसिस्टीन किंवा निष्क्रिय गोळी दिली. औषध घेणाऱ्यांत ५६ टक्के आणि दुसऱ्या गटात १६ टक्के लोकांत ठळक सुधारणा दिसली. मुख्य माप होते बोस्टनची तीच सात प्रश्नांची पट्टी. २०१३ मध्ये मुलांवर चाचणी झाली तेव्हा या औषधाचा फायदा दिसला नाही. मापच डळमळीत असेल, तर अशा दोन निकालांतला फरक औषधाचा, वयाचा की पट्टीचा, हे कोण सांगणार?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. प्रत्येक तालुक्याला वेगळा पुरावा मागितला तर संशोधनच बंद पडेल. पण मागणी सगळे शून्यापासून करण्याची नाही. ओढ, कृती, नियंत्रण आणि मनस्ताप या बाबी कुठेही विचाराव्या लागतील. तेवढे बोस्टनकडून घ्यावे. इथे तपासायचे ते उसने घेतलेले नेमके कुठे लंगडते. मुलाखती मूठभर लागतात. रचना तपासायला काही शे माणसे लागतात, आणि ती एका दवाखान्यात मिळणार नाहीत; मिरज, कराड, कोल्हापूर आणि सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचे त्वचारोग आणि मनोविकार विभाग एकत्र आले तर मिळतील. पुरुषांसाठी महाविद्यालये आणि साखर कारखान्यांच्या वसाहतींत जावे लागेल. मग निदानाची मुलाखत, आणि ती घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण माहीत नसावेत. शेवटी दोन आठवड्यांनी काही जणांची फेरतपासणी.

फॉर्म भरून घेताना बरोबरच्या नातेवाइकांना बाहेर बसवावे, आणि लिहिता न येणाऱ्या बाईला प्रश्न वाचून दाखवायला शक्यतो बाईच असावी. वाचून भरलेले आणि स्वतः भरलेले फॉर्म वेगळे मोजावेत, कारण परक्यासमोर बोलून दिलेला आकडा आणि एकट्याने लिहिलेला आकडा सारखा येईलच असे नाही. तयार झालेल्या मराठी प्रश्नावलीच्या माथ्यावरच छापलेले असावे: ती कोणत्या जिल्ह्यांतल्या कोणत्या माणसांवर, कोणत्या साली तपासली, ओपीडीसाठी मर्यादा किती आणि गावपाहणीसाठी किती, आणि यापुढची फेरतपासणी कोणत्या सालापर्यंत व्हायला हवी.